फिजिऑलॉजीत संशोधन करायचंय? आधी मोजायला शिका

विद्यापीठांच्या पेट म्हणजे पीएच.डी. प्रवेश परीक्षा आणि नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे निकाल जवळ आले की शरीरक्रियाशास्त्रातल्या म्हणजे फिजिऑलॉजीतल्या संशोधनाविषयी पत्रं येऊ लागतात. दरवर्षी गोंधळ तोच असतो, म्हणून या वेळी एकत्र उत्तरं देतो आहे.

मी साताऱ्यात बी.एस्सी. प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. एमबीबीएस नसताना फिजिऑलॉजीत पुढे जाता येतं का? ग्रुपवर सगळे म्हणतात, नॉन-मेडिकलना आता दार बंद.

दार बंद झालेलं नाही. वैद्यकीय महाविद्यालयांत एम.एस्सी. मेडिकल फिजिऑलॉजी हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम असतो, त्यानंतर पीएच.डी. करता येते. अडचण येते ती अध्यापकाच्या नोकरीत. पूर्वी विभागातल्या 30 टक्क्यांपर्यंत जागांवर असे उमेदवार चालत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने पुढे ही मर्यादा 15 टक्क्यांवर आणली आणि 2025 मध्ये अध्यापक-पात्रतेचे नियम पुन्हा नव्याने आले. तेव्हा ग्रुपवरचा जुना स्क्रीनशॉट पाहून आयुष्याचे निर्णय घेऊ नका. आयोगाच्या संकेतस्थळावरचा आजचा नियम स्वतः वाचा आणि ज्या महाविद्यालयात जायचंय तिथल्या विभागप्रमुखांना भेटून विचारा. प्राणिशास्त्राची पदवी तिथे प्रवेशाला चालते का, हेही त्याच भेटीत विचारून घ्या.

फिजिऑलॉजी फक्त वैद्यकीय महाविद्यालयातच असते, हाही गैरसमज आहे. सीएसआयआर-नेटच्या जीवशास्त्राच्या अभ्यासक्रमात प्राण्यांचं शरीरक्रियाशास्त्र आहेच. कोलकाता विद्यापीठात हा विषय विज्ञानाचा म्हणून शिकवतात. दिल्लीला संरक्षण खात्याची 'डीपास' ही संस्था आहे. उंचावर, थंडीत, उन्हात जवानाच्या शरीराचं काय होतं, यावर तिथे काम चालतं. अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था कामगारांच्या शरीरावर कामाचा काय परिणाम होतो हे पाहते.

फिजिऑलॉजी आणि फिजिओथेरपी एकच ना?

नाही.

जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) मिळाली तर किती पैसे मिळतात? घर चालेल का?

1 जानेवारी 2023 पासून पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये आणि एसआरएफ म्हणजे सीनियर फेलो झाल्यावर 42,000, वर नियमाप्रमाणे घरभाडे भत्ता. प्रोजेक्टवरच्या नेमणुकीत मात्र रक्कम आणि मुदत प्रोजेक्टवर ठरते, ती नेमणूकपत्रात लिहून घ्या. हप्ते उशिरा येतात, ही खरी अडचण आहे. हजेरी आणि प्रगती अहवाल वेळेवर पाठवणं आपल्या हातात आहे. तरीही निदान चार महिन्यांचा खर्च बाजूला असावा. घरची जबाबदारी तुमच्यावर असेल तर रुजू होण्याआधी त्याच विभागातल्या दोन-तीन स्कॉलरांशी बोला.

एमडी फिजिऑलॉजी करतो आहे. थीसिस द्यायला सहा महिने उरलेत. 100 सब्जेक्ट (ज्यांच्यावर मोजमाप घ्यायचं ती माणसं) ठरवले होते, 38 झाले. एक 'थीसिस सपोर्ट'वाला म्हणतो, बाकीचा डेटा तो बॅलन्स करून देईल, सांख्यिकीसकट. सीनियर म्हणतात, सगळेच करतात. काय करू?

हे करू नका. आणि सगळे करत नाहीत.

आपल्या विषयाचा पायाच मोजमाप आहे. रक्तदाब घेण्याआधी माणसाला पाच मिनिटं शांत बसवायचं, त्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, विडी नाही, दंड हृदयाच्या पातळीला, कफ दंडाच्या मापाचा. स्पायरोमेट्रीत म्हणजे फुंकून श्वास मोजण्याच्या चाचणीत तीन फुंका नीट आल्या पाहिजेत आणि त्यातल्या सर्वांत चांगल्या दोनमध्ये 150 मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नको. हार्ट रेट व्हेरिएबिलिटीला, म्हणजे हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर किती बदलतं ते मोजायला, पाच मिनिटांचा स्वच्छ ईसीजी लागतो, त्यात माणूस खोकला की तो तुकडा वाया. हे सगळं करताना माणसं कंटाळतात, फुंक चुकते, कोणी जेवून येतो, कोणी रात्रपाळी करून येतो. खऱ्या डेटात हे दिसतं. टेबलाशी बसून बनवलेल्या डेटात ते कधीच दिसत नाही, आणि पकडतात ते तिथेच.

मी परीक्षक म्हणून बसलो असताना एक प्रबंध आला. पद्धतीत लिहिलं होतं, रक्तदाब पाऱ्याच्या यंत्राने घेतला. तक्त्यात 117, 123, 81 असे आकडे. पाऱ्याच्या यंत्रावर खुणा दोन-दोन मिलिमीटरच्या असतात. नीट वाचन केलं तर शेवटचा अंक 0, 2, 4, 6, 8 यांपैकी येतो, आणि प्रत्येक अंक साधारण पाचात एकदा. विषम अंक आले कुठून, असं विचारल्यावर मुलगा गप्प झाला. तो हुशार मुलगा होता. त्याची तीन वर्षं त्या एका प्रश्नावर अडकली, याचं मला आजही वाईट वाटतं. उलट सगळे आकडे शून्याने संपणारे प्रबंधही येतात. ती खोटेपणाची खूण असेलच असं नाही, पण यंत्र कसं वाचायचं हे कोणी शिकवलेलं नाही, एवढं त्यातून कळतं.

तेव्हा आता या आठवड्यात काय करायचं ते सांगतो. 38 जणांची मूळ रेकॉर्डिंग, संमतिपत्रं आणि नोंदवही घेऊन गाईडना भेटा आणि आकडा खरा सांगा. मग संख्याशास्त्रज्ञाकडे जा. तुम्ही मोजताय त्या गोष्टीला खरंच 100 लागतात का, की तो आकडा जुन्या थीसिसवरून उचलला होता, हे ते सांगतील. आठवड्याला सहा जण केले तरी अडीच महिन्यांत आणखी साठ होतात. तरीही नमुनासंख्या कमी करायची असेल तर एथिक्स कमिटीकडे म्हणजे संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीकडे दुरुस्तीचा अर्ज करा, कारण लिहा. कमी जणांचा खरा अभ्यास मर्यादा स्पष्ट लिहून देता येतो.

तुमची 38 जणांची माहितीसुद्धा त्या दुकानदाराला देऊ नका. त्या माणसांनी संमती तुम्हाला दिली आहे, त्याला नाही. आणि जे आत्ता सुरुवात करताहेत त्यांनी ऐका. एथिक्स कमिटीची परवानगी मागच्या तारखेने मिळत नसते. परवानगीआधी घेतलेला एकही आकडा वापरता येत नाही. तुम्ही प्राणायाम, व्यायाम, आहार असं काही करून त्याचा परिणाम पाहणार असाल, तर पहिला सब्जेक्ट घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या क्लिनिकल ट्रायल्सच्या नोंदवहीत, नोंदणी हवी. 1 एप्रिल 2018 पासून तिथे उशिरा नोंदणी घेतच नाहीत. 'आधी सुरू करू, कागद नंतर बघू' हे वाक्य विभागात ऐकलंत तर तिथेच थांबा आणि कमिटीच्या सचिवांना विचारा.

सात दिवसांत पेपर छापून देणारं जर्नल चालेल का? आठ हजार मागतात.

नाही. तुमच्या लेखात काय चुकलंय हे तपासायला कोणी ते वाचणारच नाही. यूजीसीच्या 2022 च्या नियमांत प्रबंध देण्याआधी पेपरची सक्ती उरलेली नाही, पण तुमच्या विद्यापीठाने ती ठेवली आहे का हे पीएच.डी. कक्षात विचारा. जर्नल गाईडबरोबर बसून निवडा.

मी 37 वर्षांची आहे, कॉलेजात शिकवते, मुलगी पाच वर्षांची. अर्धवेळ पीएच.डी. जमेल?

जमेल. यूजीसीच्या नियमात अर्धवेळ पीएच.डी. आहे, संस्थेचं ना-हरकत पत्र लागतं. मुदत किमान तीन, कमाल सहा वर्षं. पुनर्नोंदणीने आणखी दोन, आणि स्त्रियांना त्यापुढे दोन वर्षांची सवलत. प्रसूती आणि बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजाही आहे. पण विषय निवडताना प्रयोगाची वेळ पाहा. पहाटे उपाशीपोटी नमुने घ्यावे लागणारा विषय घेतलात तर घरी आणि विभागात दोन्हीकडे ओढाताण होईल. हे गाईडना पहिल्याच भेटीत मोकळेपणी सांगा. वय झालं, असं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नका.

उंदरांवर प्रयोग करायला मन तयार होत नाही. मग फिजिऑलॉजी सोडू का?

सोडू नका. श्वसन, व्यायाम, झोप, रक्ताभिसरण यांवरचं बरंच काम स्वेच्छेने आलेल्या माणसांवर होतं. ज्या विभागात प्राण्यांवर काम चालतं तिथेही प्राणी-नैतिकता समितीच्या मंजुरीशिवाय एकही प्राणी वापरता येत नाही. प्रवेशाआधीच गाईडना विचारा की त्यांच्या प्रयोगशाळेत नेमकं काय होतं, आणि एक दिवस तिथे जाऊन बसा.

परदेशात पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरची संशोधनाची जागा) मिळवून देतो म्हणून एजंट दीड लाख मागतोय.

देऊ नका. पोस्टडॉकची जागा त्या प्रयोगशाळेचे प्रमुख भरतात. त्यांचे अलीकडचे दोन-तीन पेपर नीट वाचा, तुम्हाला कोणतं तंत्र हाताने येतं ते एका पानात लिहा आणि थेट त्यांना ईमेल करा. पत्र आधी तुमच्या गाईडना दाखवा.

एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आत्तापासून संशोधन करता येईल?

हो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) एसटीएस ही विद्यार्थी-संशोधन योजना 1979 पासून याचसाठी आहे, काम दोन महिन्यांचं असतं. जाहिरात निघाल्यावर विषय शोधायला लागलात तर उशीर झालेला असतो. पुढच्या आठवड्यात फिजिऑलॉजी विभागात जा आणि जे शिक्षक स्वतः यंत्रावर बसून रेकॉर्डिंग घेतात त्यांना गाठा. परवानगीचा अर्ज त्यांच्याबरोबर आत्ताच लिहायला घ्या.