मॅडम, माह्या पोट्ट्याले कोनाची कीवच येत नाही

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेली आई हे बोलली आणि रडायलाच लागली. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्या आहेत.) मुलाला दुसऱ्याची दया यावी म्हणून काय करायचं, हा प्रश्न आमच्याकडे सल्ल्याला येणाऱ्या आयाबाया फार विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पोरगा नऊ वर्षांचा, व्हॅननं तालुक्याच्या इंग्लिश मिडियमला जातो, मार्क चांगले. पण लहान बहीण ओट्यावरून पडली तर हा खिदळला, आजीनं पाणी मागितलं तर मोबाईलमधून मान वर केली नाही, आणि कहर म्हणजे घरच्या म्हाताऱ्या सालगड्याला चारचौघात म्हणाला, "अबे, चप्पल आन माही." बाबांनी झोडपलं. दुसऱ्या दिवसापासून नवीन स्कीम काढली, चांगलं वागला की दहा रुपये. थोडे दिवस बरं चाललं, मग एक दिवस तो आईलाच विचारतो, "बहिणीले खेळवलं तं किती देशीन?"

मी विचारलं, घरात त्याच्याकडे काम कोणतं आहे? आई-बाबा दोघं एकमेकांच्या तोंडाकडे पाहायला लागले. बाबा म्हणाले, "काम कायले मॅडम, अभ्यास करू दे म्हनतो आमी."

इथंच खरी गोम आहे. मूल दगड म्हणून जन्माला येत नाही. २००६ साली वॉर्नेकेन आणि टोमासेलो या दोन मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की दीड वर्षाचं लेकरूसुद्धा अनोळखी माणसाची पडलेली वस्तू आपणहून उचलून देतं. २००८ मध्ये त्यांनीच पाहिलं की मदत केल्यावर ज्या लेकरांना बक्षीस दिलं, ती नंतर बक्षीस बंद झाल्यावर कमी मदत करायला लागली. म्हणजे ते दहा रुपये उलटेच पडत होते. आणि आठवा, आपलं दोन वर्षांचं पोरगं झाडू धरायला येतं, पाण्याचा तांब्या उचलतं, तेव्हा आपण काय म्हणतो, "ठेव तो, सांडवशील." मग नऊ वर्षांचा झाल्यावर म्हणायचं की हा काही करतच नाही!

जॉन आणि बिआट्रिस व्हायटिंग या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ जोडप्याच्या टीमनं १९५० च्या दशकात सहा समाजांतली मुलं त्यांच्या रोजच्या जगण्यात पाहिली, आणि १९७५ ला सगळं मांडलं. केनिया, मेक्सिको आणि फिलिपिन्सच्या खेड्यांतली मुलं दुसऱ्याला सांभाळण्यात, आधार देण्यात पुढं होती, कारण त्यांच्याकडे धाकट्या भावंडांची आणि घरकामाची खरीखुरी जबाबदारी होती. अमेरिकेची मागं, आणि बरं का, आपल्या उत्तर प्रदेशातल्या गावाचीही मागंच. आपली संस्कृती आहे म्हणून दया आपोआप येईल असं काही नाही. केनियातच कॅरोल एंबर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी ल्युओ समाजातले मुलगे पाहिले (१९७३), घरात त्या वयाची बहीण नाही म्हणून ज्यांना "बायकी" कामं करावी लागली ते कमी भांडखोर आणि जास्त मदत करणारे निघाले. हे मी बाबांकडे पाहून मुद्दाम दोनदा सांगितलं, कारण आपल्याकडे काम म्हटलं की सगळं पोरीच्याच डोक्यावर जातं.

मग ठरलं. सकाळी बहिणीला अंगणवाडीत सोडायचं आणि संध्याकाळी आजीला चहा नेऊन द्यायचा, ही दोन कामं त्याचीच, पैसे नाही, उगाच वाहवा नाही. विसरला तर ओरडायचं नाही, फक्त समोरच्याचं काय झालं ते सांगायचं: "तू आला नाहीस, ती दप्तर घेऊन दारातच बसून होती." मारल्यानं पोराचं लक्ष स्वतःच्या पाठीवर जातं, दुसऱ्याच्या दुखण्यावर नाही.

पण सालगड्याचं काय? मी विचारलं, त्याला चहा कशात देता? आई खाली पाहायला लागली. ओसरीच्या कोनाड्यात त्याचा कप वेगळा, पालथा घातलेला. आणि वडिलांच्या वयाच्या त्या माणसाला बाबा स्वतः "अबे"च म्हणायचे. "आमच्या बापाच्या टायमापासून असंच हाय," ते म्हणाले. मी म्हटलं, पोरगा तुमच्याच शाळेत पहिला नंबर आला ना मग. दया कोणावर करायची आणि कोणावर नाही, हे लेकरू कपावरून शिकतं हो, भाषणावरून नाही. हे बोलताना माझाही आवाज चढला होता, कारण असा वेगळा कप मी किती घरांत पाहिला आहे.

पुढं पोळा होता. आदल्या दिवशी बैलांचे खांदे चोळतात, त्या खांदशेकणीला पोराला सालगड्याबरोबर बसवा म्हटलं. त्यांनी त्याचा हात धरून बैलाच्या खांद्यावर जू घासतं ती जागा दाखवली, तिथली कातडी जाड आणि खरबरीत झालेली, आणि तूप-हळद हळूहळू चोळायला लावली. पोरगा म्हणाला, "याले दुखत असन ना काकाजी?" मग दोघं मिळून बैलाला म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." काकाजी म्हणायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं, पण बाबा आठवडाभर आधीपासून तसं म्हणायला लागले होते, तेवढं पुरलं.

बहिणीशी भांडतो अजून, भांडणारच, नऊ वर्षांचा आहे. चहा मात्र आजीला वेळेवर जातो. कप आईनं घरातल्या कपांत मिसळून टाकला, आजी दोन दिवस फुगून बसली होती.

तुमच्या घरीही असं असेल तर आधी काम आणि कप हे दोन तपासा. मूल हसलं, वाटून खाल्लं नाही, एवढ्यानं घाबरू नका. पण ते मुद्दाम मुक्या जनावरांना छळत असेल, दुसऱ्याला दुखवताना त्याला मजा येत असेल आणि हे पुन्हा पुन्हा होत असेल, तर वाट पाहू नका, सरकारची टेली मानस हेल्पलाईन आहे १४४१६, फोन फुकट लागतो आणि मराठीत बोलता येतं.