चिऊ, तुझ्या डिबेटच्या प्रश्नाबद्दल

चिऊ बेटा,

परवा फोनवर तू विचारलंस, साध्या माणसांना चांगलं वागायला धर्म लागतोच का, शाळेत डिबेट आहे, आणि आपली धुळ्याची आजी देवाधर्माचं एवढं सगळं करते म्हणून ती चांगली आहे की तशीही चांगलीच असती. तेव्हा मी ड्यूटीवर होते, आता नीट सांगते.

माझ्या आजोबांकडे, म्हणजे आजीच्या सासऱ्यांकडे, शेतीला सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, होता. आपल्या खानदेशात सालदाराचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपतं न् नवीन सालही आखाजीपासूनच धरतात, आणि त्याच दिवशी पितरांच्या नावाने घागर पुजायची असते. आजोबा पैशाला फार घट्ट, पण घागर पुजायच्या आधी सालदाराचा हिशोब चुकता व्हायलाच पाहिजे, कोणाची मजुरी दाबून पितरांना पाणी कसं द्यायचं म्हणायचे, आणि कापसाचे पैसे आले नसतील तर उसने घेऊन द्यायचे. भीतीपोटी असेल, श्रद्धेपोटी असेल, त्या माणसाच्या घरात पैसा वेळेवर पोचायचा, आणि मला हे खूप मोठं वाटतं.

पण त्याच सालदाराचा चहाचा कप गोठ्यातल्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असायचा. तेही धर्म म्हणूनच, आणि आजोबांना त्यात काही चुकतंय असं कधी वाटलंच नाही.

अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी शिकवायचे, त्यांचं नाव तू ऐकलंयस. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना उघडं व्हावं म्हणून ते 1947 च्या मे महिन्यात उपोषणाला बसले आणि दार उघडलं. विचार कर, महार जातीतल्या संत चोखोबांनी जन्मभर विठ्ठलाचे अभंग गायले आणि त्यांची समाधी मात्र देवळाच्या दाराबाहेर, आणि त्यानंतरही कितीतरी शतकं ते दार त्यांच्या लोकांना बंदच. अडवणारे धर्माचंच नाव घेत होते आणि गुरुजीही देव मानणारेच होते. म्हणजे धर्म दोन्हीकडे होता ना, मग नुसता धर्म पाळून कुठली बाजू बरोबर हे कसं कळणार? ते ज्याचं त्यालाच ठरवावं लागतं, समोरच्या माणसाकडे बघून.

आपल्या घरातला तो कप आजीने लग्न होऊन आल्यावर आत आणला. सासूने धर्म बुडवतेस म्हटलं तर म्हणाली, देव काय कप देखस का? तिला कोणी शिकवलं नव्हतं, चौथीपर्यंत शाळा झालेली. आणि तीच आजी श्रावणात कानबाईच्या, म्हणजे आपल्या खानदेशातल्या देवीच्या, नैवेद्याच्या रोटाला अजून स्वतः दळण करते, भांडलेल्या चुलत दिरांना स्वतः जाऊन बोलवते, कारण रोट सगळ्या भाऊबंदांनी मिळूनच खायचे असतात. आमच्याकडे रोटाचे गहू घरातल्या पुरुषांच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ मोजायचे. तू झालीस त्या वर्षी आजीने तुझ्या नावाची मूठ टाकली, मग माझी, मग स्वतःची, कोणाला विचारलं नाही.

तू देव मान किंवा नको मानूस, माझं काहीच म्हणणं नाही. फक्त डिबेटमध्ये असं बोलू नकोस की साध्या माणसांना स्वतःला विचार करता येत नाही म्हणून त्यांना धर्म लागतो. रविवारी आजीला फोन लाव आणि कपाचं तिच्याच तोंडून ऐक, मी सांगितलं त्यापेक्षा बरंच जास्त आहे त्यात.

तुझी आई