गर्भनिरोधक गोळ्या, मळमळ, डाग आणि मी ‘पित्त’ म्हणून सोडून दिलेली डोकेदुखी

तुम्ही लिहिलंय की गोळ्या सुरू करून पाच आठवडे झाले, सकाळी मळमळतं, पाळी नसताना मधेच रक्ताचे डाग दिसतात, चिडचिड होते, आणि हे कधी थांबणार. शेवटी जाता जाता एक वाक्य आहे: ‘मधूनमधून डोकं दुखतं, पण ते मला आधीपासूनच आहे.’ मी उत्तर लिहायला बसले ते या वाक्यामुळे. पण आधी तुम्ही विचारलेलं सांगते.

मी 27 वर्षांची असताना गोळ्या सुरू केल्या. मूल एवढ्यात नको होतं, आणि पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत पोटात अशी कळ यायची की उभं राहवत नसे. डॉक्टरांनी दोन्हींसाठी एकच गोळी दिली: 30 मायक्रोग्रॅम इथिनिल एस्ट्राडायॉल (हे इस्ट्रोजेन) आणि सोबत लेव्होनॉरजेस्ट्रेल (हे प्रोजेस्टिन). दोन्ही हार्मोन असलेली, म्हणजे एकत्रित गोळी. 21 दिवस घ्यायची, 7 दिवस सुट्टी.

मळमळ पहिल्या आठवड्यातच सुरू झाली. मी गोळी सकाळी उपाशीपोटी घेत होते, ती रात्री जेवणानंतर घ्यायला लागले. त्यामुळे मळमळायचं तेव्हा मी झोपेत असायचे. तिसऱ्या पाकिटापर्यंत ती आपोआप गेली. एक मात्र ध्यानात ठेवा: गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली, तर ती गोळी पोटात गेली नाही असं धरून दुसरी घ्यायची.

डागांनी मला जास्त घाबरवलं. पहिल्याच पाकिटाच्या अठराव्या दिवशी तपकिरी डाग दिसला आणि एका रात्रीत मी दोन टोकांचे विचार केले, एक तर दिवस गेलेत किंवा आत काहीतरी जखम झालीय. दोन्ही खरं नव्हतं. या गोळ्यांनी गर्भाशयाचं आतलं अस्तर पातळ राहतं, आणि शरीराला त्याची सवय होईपर्यंत ते मधेच थोडं थोडं सुटतं. पहिल्या तीन महिन्यांत हे फार जणींना होतं. गोळ्या नेमाने घेत असाल तर डाग पडला म्हणून गोळी निकामी झाली असं नसतं. माझ्या बाबतीत आणखी एक कारण निघालं. मी वहीत रोज गोळीची वेळ आणि डाग लिहायला लागले, तेव्हा दिसलं की कामाला सुट्टी असेल त्या दिवशी गोळीला चार-पाच तास उशीर झाला की पुढच्या एक-दोन दिवसांत डाग पडतोच. मोबाइलला रात्री साडेनऊचा गजर लावला आणि चौथ्या पाकिटापासून डाग बंद झाले. तुम्हीही एवढं लिहून ठेवाच. आणि डाग दिसला म्हणून पाकीट मधेच सोडू नका. सोडलं की अंगावरून आणखी जातं आणि गर्भ राहण्यापासूनचं संरक्षणही जातं.

(सुट्टीच्या सात दिवसांत जे जातं ती खरी पाळी नसते, हेही मला उशिरा कळलं. गोळीमुळे स्त्रीबीज बाहेर पडतच नाही, आणि हार्मोन थांबल्यामुळे अस्तर सुटतं. म्हणून रक्तस्राव कमी झाला तर घाबरायचं कारण नाही.)

चिडचिडीचं काय सांगू. दुसऱ्या पाकिटात एका संध्याकाळी मी घरी आले, नवऱ्याने फक्त ‘आलीस?’ एवढंच विचारलं, आणि चप्पल पायात तशीच ठेवून मी दारात रडत उभी राहिले. कारण काहीच नव्हतं. डेन्मार्कमध्ये 10 लाखांहून जास्त स्त्रियांच्या नोंदी तपासून 2016 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हार्मोनल गर्भनिरोधकं वापरणाऱ्यांमध्ये नैराश्याची औषधं पहिल्यांदा सुरू होण्याचं प्रमाण जास्त दिसलं, किशोरवयीन मुलींत विशेष. गोळीनेच नैराश्य येतं, हे त्यावरून सिद्ध होत नाही. पण ‘सगळं तुझ्या मनाचे खेळ आहेत’ असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. माझं तीन महिन्यांनी निवळलं. तुमचं नाही निवळलं, किंवा जगणंच नकोसं वाटायला लागलं, तर तीन महिने वाट बघत बसू नका, लगेच डॉक्टरांकडे जा. शरीरसंबंधांची इच्छा कमी झाली तर तेही सांगा. माझी झाली होती आणि मी सहा महिने ते तोंडातून काढलं नाही, उगाच स्वतःला दोष देत राहिले.

वजनाबद्दल सगळेच विचारतात. माझं फार हललं नाही, आणि या प्रकारच्या गोळ्यांनी वजन खूप वाढतं असा ठोस पुरावा अभ्यासांतही सापडलेला नाही.

आता डोकेदुखी. माझं डोकं कॉलेजपासून दुखायचं. अर्धी बाजू ठणकायची, उजेड सहन व्हायचा नाही, उलटी झाली की बरं वाटायचं. घरात त्याला ‘पित्त’ म्हणत, मीही तेच म्हणायचे. गोळ्या सुरू करताना डॉक्टरांनी बीपी बघितलं, सिगारेट ओढता का, घरात कोणाला रक्ताची गुठळी झाली होती का, अर्धशिशी आहे का, सगळं नीट विचारलं. अर्धशिशीला मी ‘नाही’ म्हणाले. मला पित्त होतं ना.

सातव्या महिन्यात एका दुपारी स्क्रीनवर वाचताना एका शब्दाचा मधलाच भाग दिसेना. डोळे चोळले, तरी दिसेना. मग त्या जागी चमचमणारी वाकडीतिकडी रेघ आली, करवतीच्या दात्यांसारखी, आणि हळूहळू मोठी होत डावीकडे सरकत गेली. डोळे मिटले तरी दिसत होती. वीसेक मिनिटांनी गेली आणि मग डोकं दुखायला लागलं. मी चष्म्याचा नंबर वाढला असं समजले. डोळे तपासायला गेले तिथे विचारलं, ‘काही औषधं चालू आहेत का?’ मी म्हणाले, ‘नाही.’ गोळीला मी औषध धरतच नव्हते. नवीन चष्मा आला, आणि ती रेघ आणखी दोनदा आली. चौथ्यांदा रेघेबरोबर उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या आल्या आणि त्या ओठांपर्यंत चढल्या. तेव्हा मात्र मी घाबरले आणि दुसऱ्या दिवशी माझ्या डॉक्टरांपुढे जाऊन बसले. खरं तर मुंग्या आल्या त्याच क्षणी इस्पितळ गाठायला हवं होतं.

त्यांनी मला बोलू दिलं, कागदावर ती रेघ काढायला सांगितली. मी विचारलं, ‘हे पाकीट संपवू का?’ त्या म्हणाल्या, ‘नाही. आजपासून बंद.’

मी पित्त म्हणत होते ती अर्धशिशी होती, आणि या रेघेला ऑरा म्हणतात. ऑरा असलेल्या अर्धशिशीत मेंदूच्या पक्षाघाताचा धोका मुळातच थोडा वाढलेला असतो, आणि इस्ट्रोजेन असलेली गोळी त्यात भर घालते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत अशा स्त्रीसाठी, मग वय काहीही असो, ही गोळी चौथ्या वर्गात येते. चौथा वर्ग म्हणजे वापरूच नये. मला मग इस्ट्रोजेन नसलेली, फक्त प्रोजेस्टिनची गोळी दिली. तिच्याने डाग अधूनमधून अजूनही पडतात, पण कळ गेली आणि त्यानंतरच्या दोन वर्षांत ती रेघ एकदाच दिसली.

मी हे सांगून तुम्हाला गोळ्यांपासून तोडत नाहीये. माझ्या पहिल्या गोळीसारख्या, लेव्होनॉरजेस्ट्रेल असलेल्या एकत्रित गोळ्या घेणाऱ्या 10,000 जणींत वर्षाला 5 ते 7 जणींना रक्ताची गुठळी होते. त्याऐवजी ड्रोस्पिरेनोन किंवा डेसोजेस्ट्रेल हे प्रोजेस्टिन असलेल्या एकत्रित गोळ्यांत हा आकडा 9 ते 12, आणि गोळी न घेणाऱ्या, गरोदर नसलेल्या स्त्रियांत साधारण 2. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर धोका याहून जास्त असतो. बहुतेक जणी सुखरूप असतात. पण एकाच पोटरीला सूज येऊन दुखणं, छातीत दुखणं किंवा एकाएकी धाप लागणं, बोलताना जीभ अडखळणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, अचानक दिसेनासं होणं, कधी नव्हे इतकं डोकं किंवा पोट दुखणं, यातलं काहीही झालं तर त्याच क्षणी इस्पितळ गाठा आणि गोळ्या चालू आहेत हे आधी सांगा. कोणत्याही डॉक्टरांनी औषधं विचारली की गोळीचं नाव घ्याच. क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन, फिट्सवरची कार्बामाझेपिन आणि फेनिटोइन यांनी गोळीचा असर कमी होतो.

तुमची मळमळ आणि डाग पाच आठवड्यांना धरूनच आहेत, बहुधा आणखी दीड-दोन महिन्यांत जातील. पण तुमचं डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे काही चमकतं का, अक्षरं पुसली जातात का, हाताला किंवा तोंडाला मुंग्या येतात का? एकदा जरी असं झालं असेल, तर आजची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. घरात त्या डोकेदुखीला काय म्हणतात ते बाजूला ठेवा आणि दिसतं तसं सांगा, जमलं तर कागदावर काढून न्या. तसं काहीच होत नसलं, तरी पुढच्या भेटीत ‘मला आधीपासून डोकेदुखी आहे’ हे वाक्य सगळ्यात आधी बोला, आणि बीपी मोजून घ्या.