पहिला पगार झालाय? मग हे वाच भावा
अभिनंदन भावा! शिरोली एमआयडीसीत पहिला पगार म्हणजे लई भारी वाटतंय, पण सुरुवातीला दोनच गोष्टी कर. पगाराच्या दिवशीच पोस्टात आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायचं बचत खातं, काढ; महिना 100 रुपयांपासून सुरू होते, 5 वर्षांची असते, उरलं तर टाकू म्हटलास तर 20 तारखेला खिशात चिल्लर पण राहत नाही, मी तेच केलेलं. दुसरं, खर्च वहीत लिही. माझ्या वहीत एका महिन्यात मिसळ नि चहाचेच 1,800 निघाले, बघून गपगार झालो. मिसळ सोडू नको रे, कोल्हापुरात राहून ते जमणार पण नाही, रोजची आठवड्यातून एकदा कर. आणि हप्त्यावर बुलेट आत्ताच नको, दोस्त पेटवतील, पेट्रोल घालायला कोण येणार नाही. एसआयपी (म्युच्युअल फंडात दर महिन्याला ठरावीक पैसे टाकणं), शेअर वगैरे सहा महिन्यांनी बोलू.