लेकीच्या होडीवरचा पाडवा

प्रश्न : आमची मुलगी आणि जावई दोन वर्षांपासून शिडाच्या होडीवर राहतात. सध्या त्यांची होडी इंडोनेशियातील लोंबोक बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर नांगरलेली आहे. घरच्या लग्नासाठी आलेली ही दोघे २० फेब्रुवारीला तिकडे परत पोहोचतील. यंदाचा गुढीपाडवा, म्हणजे १९ मार्च २०२६, आम्ही होडीवर साजरा करावा असा त्यांचा आग्रह आहे. ती दोघे होडी घेऊन बालीला येणार, आम्ही १८ मार्चला सायंकाळी विमानाने देनपसारला उतरणार, दुसऱ्या दिवशी सकाळी होडीवर गुढी उभारायची आणि २१ तारखेला लोंबोककडे निघायचे, असा बेत आहे. नाथषष्ठी झाल्याशिवाय आम्हाला पैठण सोडता येत नाही आणि यजमानांचे गुडघेही दुखतात. ओळखीचे एक गृहस्थ म्हणाले की पाडव्याच्या दिवशी बालीत विमानच उतरत नाही. हे खरे आहे काय?
(एक वाचक भगिनी, पैठण)

उत्तर : ते गृहस्थ खरे बोलले. १९ मार्चला बालीत न्येपी आहे. बालीतील हिंदूंचा हा नववर्षदिन असून त्या दिवशी सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत संपूर्ण बेट मौन पाळते. विस्तव आणि दिवा नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही, असे चार निर्बंध असतात आणि ते पाहुण्यांनाही लागू असतात. देनपसारचा विमानतळ चोवीस तास बंद राहतो, बंदरांवरून फेऱ्या सुटत नाहीत, गावचे रखवालदार रस्त्यांवर पहारा देतात आणि २०१८ पासून मोबाइलवरचे इंटरनेटही बंद ठेवले जाते. दवाखान्याची निकड मात्र अपवाद समजली जाते.

आपण पैठणच्या आहात म्हणून एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. बालीतील या वर्षगणनेला ‘साका’ म्हणतात आणि तिचा आरंभ आपल्या शालिवाहन शकाप्रमाणेच इसवी सन ७८ चा. सातवाहनांच्या प्रतिष्ठानात ज्या शकाचे १९४८ वे वर्ष १९ मार्चला सुरू होणार, त्याच शकाचे तेच वर्ष त्याच दिवशी तिकडेही सुरू होते. अधिक महिना धरण्याची त्यांची रीत वेगळी असल्याने दर वर्षी असा मेळ बसत नाही. २०२४ मध्ये न्येपी ११ मार्चला होऊन गेली होती आणि आपला पाडवा ९ एप्रिलला आला. यंदा दोन्ही एकाच दिवशी आहेत. आपण गुढी उभारून वाजतगाजत वर्ष सुरू करतो, तर ते दिवे मालवून.

मात्र आपल्या बेतातली खरी अडचण न्येपीच्या एका दिवसाची नाही. इंडोनेशियाच्या सरकारी यादीनुसार १८ मार्चला न्येपीची जोडरजा, १९ ला न्येपी, २० ला ईदची जोडरजा, २१ आणि २२ ला ईद, २३ आणि २४ ला पुन्हा जोडरजा आहे. म्हणजे मंगळवार १७ मार्चला कचेऱ्या बंद झाल्या की त्या बुधवार २५ मार्चलाच उघडणार. हॉटेलात उतरणाऱ्या प्रवाशाला याची फारशी झळ लागत नाही. होडीवर राहणाऱ्याचा संसार मात्र कचेऱ्यांच्या वेळांना बांधलेला असतो, कारण परदेशी होडीला आरोग्य-क्वारंटाइन, इमिग्रेशन, कस्टम्स आणि हार्बरमास्टर (बंदर अधिकारी) अशा चार ठिकाणी कागद दाखवावे लागतात आणि त्यातला एक शिक्का अडला की पुढचे सगळे अडते. म्हणून तारखा सणावरून ठरवू नका, १७ मार्चपासून मागे मोजत या.

हा हिशेब मी स्वतः एकदा चुकवलेला आहे. एका मित्राच्या होडीवर काही महिने होतो तेव्हा आम्ही एका बेटाच्या बंदरात सणाच्या आदल्या संध्याकाळी पोहोचलो आणि कचेरीला कुलूप लागलेले होते. परवानगी मिळेपर्यंत डोलकाठीवर पिवळा झेंडा लावून होडीवरच थांबायचे, किनाऱ्यावर पाय ठेवायचा नाही, असा नियम. तीन दिवस आम्ही समोरच्या धक्क्यावरची पाववाल्याची गाडी पाहत मुगाची खिचडी खाल्ली. चौथ्या दिवशी साहेबांनी पाच मिनिटांत शिक्का मारला.

आता आपल्या लेकीचा व्हिसा पाहू. विमानतळावर मिळणारा ‘व्हिसा ऑन अरायव्हल’ ३० दिवसांचा असतो आणि पोहोचल्याचा दिवस त्यात पहिला धरतात. २० फेब्रुवारीला उतरलेल्यांचे दिवस २१ मार्चला, म्हणजे नेमके ईदच्या दिवशी संपतात. तो आणखी ३० दिवस, एकदाच, वाढवून मिळतो. पण त्यासाठी इमिग्रेशन कचेरीत स्वतः जावे लागते. मुदतीबाहेर राहिल्यास माणशी दररोज १० लाख रुपिया दंड असतो. कचेरी बंद होती ही सबब तिथे ऐकून घेतील अशी आशा धरू नये. मुलीला आणि जावयांना मार्चच्या पहिल्याच आठवड्यात अर्ज करायला सांगा.

१८ तारखेच्या संध्याकाळी उतरण्याचा विचारही सोडा. न्येपीच्या आदल्या संध्याकाळी ‘ओगोह-ओगोह’ नावाच्या राक्षसांच्या अक्राळविक्राळ प्रतिमांच्या मिरवणुका निघतात, अनेक रस्ते बंद असतात आणि दुकाने लवकर आवरतात. विमान थोडे उशिरा आले तरी आपण होडीपर्यंत पोहोचणार नाही. हॉटेलात अडकाल आणि वीस तारखेला सकाळी सहापर्यंत लेक समोरच्या पाण्यात असूनही ना ती डिंगीतून (होडीसोबतच्या छोट्या नावेतून) किनाऱ्यावर येऊ शकेल, ना आपण तिच्याकडे जाऊ शकाल. शिवाय न्येपी सुरू होते सहाला आणि तिथे सूर्य उगवतो त्यानंतर. म्हणजे गुढी उभारण्याच्या वेळी मौन सुरू झालेले असेल आणि पुरणपोळीसाठी गॅस पेटवणेही यजमान देशाच्या रीतीविरुद्ध होईल.

माझे मत असे की होडीला बालीला आणूच नये. लोंबोक आणि बाली यांच्यामधल्या सामुद्रधुनीत प्रवाह फार जोराचा असतो, आणि मासेमारीचे तराफे व बिनदिव्याच्या होड्यांमुळे ती रात्री ओलांडणे शहाणपणाचे नाही. हवा बिघडली तर दोन-तीन दिवस थांबण्याची मोकळीक हवी. केवळ आई-वडिलांचे विमान गाठायचे म्हणून नांगर उचलला की अपघाताला आमंत्रण मिळते. होडीवर राहणाऱ्यांत पाहुण्याला भेटीची जागा किंवा भेटीची तारीख यांपैकी एकच पक्की करून देण्याचा रिवाज आहे, तो याचसाठी. कुआलालंपूर किंवा सिंगापूरहून थेट लोंबोकला विमाने जातात. नाथषष्ठीचा काला अष्टमीला, ११ मार्चला झाला की १३ तारखेला निघा आणि १५ पर्यंत लोंबोक गाठा. तिथे बहुसंख्य लोक सासाक मुसलमान असल्याने न्येपीला व्यवहार बालीसारखा ठप्प होत नाही, विमानतळही चालू असतो. पश्चिम भागात बालीनीज वस्ती आहे, त्यामुळे १८ च्या संध्याकाळी तिथल्या माताराम शहरात ओगोह-ओगोहची मिरवणूक पाहता येईल आणि तीन दिवसांनी ईदही. डिझेल, पिण्याचे पाणी, भाजी आणि यजमानांची औषधे १७ तारखेच्या आत भरून ठेवावीत. २५ ला कचेऱ्या उघडल्यावर, वारा पाहून, हवे तर बालीला जावे आणि परतीचे विमान तिथून घ्यावे. गुडघ्यांचा प्रश्न हलणाऱ्या डिंगीतून होडीवर चढतानाच येतो. शक्य तर होडी पाहुण्यांच्या दिवसांत धक्क्यालाच लावून घ्यायला सांगा.

गुढीबद्दल आपण विचारलेले नाही, तरी दोन शब्द. होडीवर आकडा लावलेली लांब काठी असतेच, ती मागच्या कठड्याला उभी बांधावी आणि कलशाला एक दोरी कठड्याशी अडकवून ठेवावी, नाहीतर पहिल्याच झुळुकीला तांब्या समुद्रार्पण होतो. डोलकाठीच्या उजव्या बाजूला यजमान देशाचा झेंडा असतो, तिथे गुढी नको. आणि पिवळे वस्त्र तर नकोच, कारण पिवळा झेंडा म्हणजे ‘आम्ही परदेशातून आलो आहोत, तपासणी बाकी आहे’ असा अर्थ होतो. कडुलिंबाचा डहाळा सामानात नेऊ नका, ताजी पाने क्वारंटाइनवाले काढून घेतील. बालीत कडुलिंबाला ‘इंतारान’ म्हणतात. लोंबोकमधल्या बालीनीज शेजाऱ्यांना ते नाव सांगून विचारावे. साखरेच्या गाठी मात्र बंद पाकिटात घेऊन जा.

रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते. १३ तारखेला मुंबईकडे जाण्यासाठी छत्रपती संभाजीनगरहून देवगिरी एक्स्प्रेसचे तिकीट जानेवारीच्या मध्यालाच काढावे लागेल.

प्रश्न : माझा भाचा मलेशियात लंकावी येथे होडीवर राहतो. येत्या दिवाळीत आम्ही गुरुवारी ५ नोव्हेंबरला रात्री पोहोचणार. त्याच्या होडीच्या कागदपत्रांची कामे दोन दिवसांत उरकून रविवारी लक्ष्मीपूजन करून सोमवारी पहाटेच थायलंडकडे निघावे, असा विचार आहे. काही हरकत?
(एक वाचक, नांदेड)

उत्तर : हरकत आहे. लंकावी केदाह राज्यात येते आणि तिथे सरकारी कचेऱ्यांची साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते. जोहोर राज्याने २०२५ पासून शनिवार-रविवारची सुट्टी स्वीकारली, केदाहने नाही. रविवार तिथे कामाचा दिवस. पण २०२६ मध्ये दीपावलीची सार्वजनिक सुट्टी नेमकी रविवारी ८ नोव्हेंबरला आहे. म्हणजे ६, ७ आणि ८ हे तिन्ही दिवस सरकारी सुट्टीचे. सोमवारी २ नोव्हेंबरला पोहोचा, किंवा कागदपत्रे सोमवारी ९ ला करून मंगळवारी निघा. त्या किनाऱ्यावर ईशान्य मोसमी वाऱ्यांचा स्थिर हंगाम डिसेंबरपासून लागतो, तेव्हा भाचा आणखी आठ दिवस थांबू म्हणाला तर त्याच्या मागे घाई लावू नका.