गच्चीवरच्या खोलीतला चहाचा ओटा

प्रश्न : आमचं घर सांगलीत, गावभागात. खाली एक, वर एक असे दोन मजले. हे निवृत्त झाल्यावर गच्चीवर १२ बाय १८ फुटांची खोली बांधली. तिथे कॅरम, दिवाण, टीव्ही ठेवायचा आहे. रोज संध्याकाळी ह्यांचे चार-पाच मित्र येतात, सुट्टीत नातवंडं. चहासाठी मी दोन जिने चढते-उतरते, गुडघे फार दुखतात. म्हणून वर छोटं स्वयंपाकघर करावं म्हणतोय. सुतारानं कोपऱ्यात एल आकाराचा ओटा, वर-खाली कपाटं, गॅस आणि आरओ असं काढून दिलंय. प्लास्टर झालंय, फरशी पुढच्या महिन्यात बसेल. पाण्याची टाकी याच खोलीच्या स्लॅबवर आहे. नातवाला टेबल टेनिसही हवंय. शिवाय २०१९च्या पुरात आम्ही चार दिवस वरच्या मजल्यावर अडकलो होतो, तेही डोक्यात आहे. काय करावं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, फरशी बसायच्या आधी लिहिलंत हे फार बरं केलंत. आत्ता जे करता येईल, ते नंतर फरशी फोडून करावं लागलं असतं.

पहिल्यांदा एल विसरा. सुतारानं काढून दिलंय ते दुसरं स्वयंपाकघर आहे. ते झालं की चहाबरोबर पोहे, पोह्यांबरोबर भजी, आणि तुम्ही वरही ओट्यापाशीच. शिवाय भिंतीकडे तोंड आणि सगळ्यांकडे पाठ. मी तीस वर्षं लोकांची घरं लावतेय. बायका हसण्याच्या आवाजावरून मागे काय चाललंय ते ओळखतात, हे मी फार ठिकाणी पाहिलंय आणि मला ते आवडत नाही.

तुम्ही असं करा. बाहेरच्या लांब भिंतीपासून काटकोनात, खोलीत शिरणारा साडेपाच फुटी ओटा घ्या, रुंदी २२ इंच. मागे उभं राहायला तीन फूट आणि त्यामागे १२ फुटी भिंत. चहा करणाऱ्याचं तोंड खोलीकडे राहील. सिंक भिंतीच्या टोकाला, म्हणजे सांडपाणी सरळ बाहेर जाईल. शेगडी मधे, मोकळ्या टोकाला कप-बश्या मांडायला दोन फूट जागा. खेळायला-बसायला १२ बाय १३ फूट उरतात. कॅरमचा खेळायचा भाग २९ इंचांचा, चौकट धरून बोर्ड साधारण तीन फुटी, भोवती चार खुर्च्या सरकवून आठ फुटांत बसतो. दिवाण भिंतीला लागतो. टेबल टेनिसचं टेबल मात्र ९ बाय ५ फुटांचं असतं आणि दोन्हीकडे मागे सरकायला जागा लागते. ते इथे होणार नाही, नातवाला आत्ताच सांगा.

बोर्ड ओट्यापासून जमेल तितका लांब ठेवा. वाफेनं प्लायवुड फुगतं. आणि बोरिक पावडर पंख्याच्या वाऱ्यानं उडते, ती पोटात जाण्याची वस्तू नाही. कप उघड्या मांडणीवर ठेवू नका, दाराच्या कपाटात ठेवा.

गॅस रोजच्यासाठी नको. १४.२ किलो गॅसचं सिलिंडर स्वतःच्या वजनासकट तीस किलोच्या आसपास जातं, दोन जिने कोण चढवणार? आणि एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर जमिनीलगत साचतो, रात्रभर बंद असलेल्या खोलीत तर नक्कीच. इंडक्शन शेगडी आणि इलेक्ट्रिक केटल पुरे. पण शेगडी २००० वॅटची, केटल १५००ची. दोन्ही एकदम चालली की १५ अँपिअर होतात. म्हणून दोघांना १६ अँपिअरचे वेगवेगळे सॉकेट, प्रत्येकाची तांब्याची वायर थेट डीबीपासून, म्हणजे घराच्या मुख्य वीज-बोर्डापासून, वेगळी, २.५ चौरस मिलिमीटरपेक्षा बारीक नाही. पाण्याजवळचं काम आहे, तेव्हा ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच प्रवाह तोडणारा स्विच, वायरमनकडून आग्रहानं बसवून घ्या. ओटा खोलीत शिरतोय, म्हणून वायरिंगचे पाइप फरशीखालच्या कोब्यातून न्यायचे. म्हणूनच म्हटलं, वेळेवर लिहिलंत.

आरओ मनातून काढून टाका. टाकी डोक्यावरच आहे, नळाच्या वर जेमतेम आठ-नऊ फूट पाणी. एक मीटर उंचीला ०.१ बार (बार हे दाबाचं माप) दाब मिळतो, म्हणजे तुमच्या नळाला पाव बार. बहुतेक आरओना किमान ०.३ बार लागतो, मग वेगळा पंप आला. त्यापेक्षा तोटीचा माठ ठेवा आणि खालचं गाळलेलं पाणी सकाळी एकदा वर न्या. ते काम ह्यांच्याकडे द्या. कप विसळायला नळाला येणारा दाब पुरतो.

आता ज्यावर मी अडून बसणार आहे ती गोष्ट. सिंकचा पाइप गच्चीच्या पावसाच्या पाइपात जोडू देऊ नका. प्लंबर म्हणेल, "इथेच तर आहे, दोन फुटांवर." मी एकदा एका घरी प्लंबरचं ऐकलं होतं. चहाचा चोथा आणि दुधाची साय बसून पाइप भरला, जुलैत गच्चीवर पाणी तुंबलं आणि उंबऱ्यावरून आत आलं. त्या घरातल्या आजी सुपानं पाणी काढत होत्या. मी समोर उभी होते आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. सिंकला बॉटल ट्रॅप (पाणी धरून वास अडवणारा बाटलीसारखा भाग), तिथून फुटाला पाव इंच उतार देत पाइप खालच्या मोरीच्या लाइनीला. लांब पडला तरी तिकडेच. आणि चोथ्यासाठी सिंकशेजारी झाकणाचा छोटा डबा.

ओट्याखाली प्लायवुड नको, कडप्प्याच्या उभ्या-आडव्या पाट्या घाला. पाण्यानं त्यांना काही होत नाही. सिंकखालचा कप्पा उघडाच ठेवा, गळती लगेच दिसते आणि झुरळं कमी होतात. ४५-५० लिटरचा छोटा फ्रीज ओट्याखाली बसतो, मागे-बाजूला तीन इंच हवा सोडा.

राहिला पूर. ऑगस्ट २०१९मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फूट ओलांडले, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. तुम्ही अडकलात, तशी गावभागातली कितीतरी घरं अडकली. तेव्हा वीज जाते, आणि साध्या घरगुती इन्व्हर्टरवर शेगडी-केटल चालत नाही. पण टाकी डोक्यावर असल्यानं नळ मात्र विजेविना चालेल. पुराची खबर आली की टाकी काठोकाठ भरून घ्या, घरातलं पाणी पुढच्या काही दिवसांसाठी तेवढंच असेल. त्याच वेळी पाच किलोचं लहान सिलिंडर आणि एक बर्नर वर नेऊन ठेवा. खिडकीखाली दीड फुटी कडप्प्याची फळी आत्ताच बसवून घ्या, खिडकी उघडी ठेवून त्यावर भात लावता येईल. पाणी उतरलं की सिलिंडर पुन्हा खाली. फळीखालच्या डब्यात मेणबत्त्या, काड्यापेटी, तांदूळ, डाळ आणि औषधं वर्षभर ठेवा, नागपंचमीच्या आधी बदला.

ओट्याची उंची साधारण कोपराखाली चार-पाच इंच असते. तुमच्या सुतारानं तुमचं माप घेतलं असेल. ते खोडा, ह्यांचं घ्या. वर चहा तेच करणार आहेत.