जिरेनियमला पानंच पानं, फुलांचा पत्ता नाही

प्रश्न: ताई, माझं जिरेनियम हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवलंय, रोज थोडं थोडं पाणी घालते, दर आठवड्याला लिक्विड खतही देते. पानं मोठी हिरवीगार येतात पण फूल एक नाही आणि आता खालची पानं पिवळी पडतायत. खत वाढवू का?

उत्तर: नको गं बाई! खताची बाटली महिनाभर माळ्यावर टाक. नायट्रोजन जास्त झालं की हे झाड नुसतं पानांनी माजतं, फुलाचं नाव घेत नाही, आणि त्यात टीव्हीशेजारी उजेड तो कितीसा. सगळ्यात जास्त ऊन येणाऱ्या खिडकीत ने, रोज 5-6 तास तरी ऊन लागलं पाहिजे.

आता पाणी. रोज थोडं थोडं ही सवय आधी मोड. आपण ज्याला जिरेनियम म्हणतो ते खरं तर पेलार्गोनियम, मूळचं बहुतेक दक्षिण आफ्रिकेतलं, जाड देठात पाणी साठवून कोरड्यात तग धरणारं, त्याला सतत ओली माती म्हणजे शिक्षाच. बोट 2-3 सेंटीमीटर आत घालून बघ, कोरडं लागलं तरच भोकातून बाहेर येईपर्यंत पाणी घाल आणि बशीत साचलेलं ओतून टाक. पानांवर फवारा बिवारा काही मारू नकोस. अधूनमधून एखादं खालचं पान पिवळं पडतंच, तिथे घाबरायचं नाही, पण मातीलगत देठ काळा आणि मऊ लागला तर मूळ झाड गेलं समज. शेंडा धडधाकट असेल तर 8-10 सेंटीमीटर कापून, काही तास सुकवून, नव्या मातीत लाव.

नवे फुटवे दिसले की मग खत, तेही टोमॅटोला देतात तसं पोटॅश जास्त असलेलं, बाटलीवर लिहिलंय त्याच्या निम्मं, 15 दिवसांतून एकदा. माती ओली असतानाच दे, कोरड्या मातीत दिलंस तर मुळं भाजतात. थंडीत उजेड कमी झाला की बंद.

प्रश्न: कुंडी मोठी घेऊ का? आणि घरात मांजर आहे.

उत्तर: मुळं भोकातून डोकावेपर्यंत नको, थोडी दाटी असली तर उलट छान फुलतं. मांजराला मात्र पानं खाऊ देऊ नकोस, उलट्या होतात, तेव्हा कुंडी टांगलेलीच बरी.